कातडीखालचा रंग

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बसवलेल्या नव्या भिंगांना कुमुदिनीबाई अजून सरावल्या नव्हत्या. माणूस गोरा असो की काळा, त्याच्या कातडीखाली रक्त कुठे धावतंय ते त्यांना आता केशरी रंगात दिसे. भाजी निवडतानाही त्या मधूनच स्वतःची बोटं निरखत बसायच्या.

त्या दिवशी त्यांची नणंद प्रमिला चहाला आली होती. सून रेणुकाने शिरा आणून ठेवला. तो तळाला लागल्याचा वास येत होता.

“करपवलास ना?” कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि नणंदेकडे वळल्या. “इतकी वर्षं बोलतेय वन्सं, पण हिच्या काळ्या तोंडावर काही उमटेल तर शपथ! निगरगट्ट आहे नुसती.”

प्रमिला खुदकन हसली. रेणुका नेहमीसारखीच शांत उभी होती. पण तिच्या गालांवर केशरी रंग चढला, कानांच्या पाळ्यांपर्यंत पोचला आणि गळ्यावरून खाली उतरत गेला.

कुमुदिनीबाईंनी शिऱ्याची बशी पुढे ओढली. इतकी वर्षं हा रंग असाच चढत असणार.

“तसा... चांगला झालाय शिरा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

प्रमिला गेल्यावर रेणुका बशा उचलायला आली. ती भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स होती आणि जळलेल्या कातडीत रक्त पोचतंय का ते दिसावं म्हणून तिथल्या नर्सांच्या डोळ्यांत हीच भिंगं दोन वर्षांपासून होती. कुमुदिनीबाईंना ते आत्ता आठवलं. त्यांनी घाईघाईने तोंड फिरवलं.

“राहू द्या आई, दिसलंय मला,” रेणुका म्हणाली. “दोन वर्षं मी रोज बघत होते, मला बोलताना तुमच्या चेहऱ्यावर कधी काही येतं का. आज पहिल्यांदा आलं.”