बिया धरलेला फुलोरा

यर्नेयानं पिशवीतला तुरा चुरगळला आणि तळहातावर करड्या बिया पडल्या. एक नाही, नऊ.

“हे काय, लुडविक?”

“बिया.”

“डोळे आहेत मला! गेल्या वर्षी एकही नव्हती. आता कुठून आल्या?”

प्रेक्मुर्ये परगण्यातल्या त्या गावात तेलासाठी भांग लावणारा लुडविक एकटाच. नशेची नव्हे, घरी दुखण्यावरचं सीबीडीचं तेल काढतात ती. ऑक्टोबर लागला की लोक त्याच्या कोठारात येऊन फुलोरा निवडून नेत. वर्षभराची त्याची कमाई तेवढीच. यर्नेया मारिबोर शहरातून यायची, आईसाठी. आई, तिल्काबाई, याच गावात दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. ते तेल जिभेखाली घेतलं की गुडघे झोपू देतात, असं तिचं म्हणणं.

यर्नेयानं दुसरी पिशवी उघडली, मग तिसरी. देठ कडकन मोडत होते, म्हणजे वाळवण चांगली. वासही ठीक. पण ज्यातून तेल उतरतं ती राळ बोटांना चिकटेना, आणि बिया सगळीकडे.

“बी धरलं की झाडाचा सगळा जीव बियांत जातो. फुलात काय उरतं, भुसा? शेतात फिरून नर झाडं उपटायची, एवढंच तर काम होतं तुझं!”

“माझ्या शेतात नर नव्हते.”

“मग पराग व्हिएन्नाहून विमानानं आले?”

तिच्या मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. लुडविकनं हात ॲप्रनला पुसले. “वाऱ्यानं येतात. लांबून येतात.”

“कुणाच्या रानातून? नाव सांग.”

तो फळीवरच्या पिशव्या सरळ करू लागला.

“शेती जमत नाही आणि ट्रॅक्टर मात्र गावभर! जुलैभर आईच्या खोलीत तुझी पिवळी धूळ. दर रविवारी मी पुसत होते!”

लुडविकनं आणखी एक पिशवी तिच्यापुढे सरकवली. मग हळू म्हणाला, “दुप्पट फुलोरा ने. तेल कमी उतरेल, पण तिल्कामावशीपुरतं होईल. पैसे नकोत.”

यर्नेयाच्या मस्तकात तिडीक गेली. चूक कबूल करायची नाही आणि वर उपकार दाखवायचे! ती रांगेकडे वळली.

“बघून घ्या रे! पिशवीत फुलं कमी आणि बिया जास्त. कोंबड्यांना घाला हवं तर!”

लोकांनी पिशव्या उघडून पाहिल्या आणि एकेक करून फळीवर परत ठेवल्या. लुडविकनं कुणालाच अडवलं नाही. पाच मिनिटांत कोठार रिकामं झालं.

“मावशीला नमस्कार सांग,” तो म्हणाला.

“आईचं नाव काढू नकोस.”

आईच्या घरी पोचल्यावर तिनं गाडीतून पाखरांच्या दाण्याची पिशवी काढली. हिवाळा जवळ आला की ती मारिबोरच्या दुकानातून आणायची. पडल्या पडल्या हात बाहेर काढून खिडकीत दाणे टाकणं हा आईचा एकच विरंगुळा. आईच्या मागच्या खोलीत जाळीचा पडदा नेहमीसारखा ओढलेला होता. बाहेर माजलेल्या रानात पाखरं किलबिलत होती. ते रान कापायचं म्हटलं की आई रुसायची, आणि खाजऱ्या पाल्याच्या भीतीनं यर्नेया घरामागे कधी फिरकली नव्हती.

पिशवी काखेत तशीच धरून तिनं सगळं सांगितलं. रिकाम्या कोठाराचं तर चवीनं सांगितलं.

तिल्काबाईचा चेहरा उतरला. “लुडविकला असं बोललीस? अगं, तो गुणाचा आहे.”

“कसला गुणाचा!”

“जूनमध्ये कोयता घेऊन आला होता. म्हणाला, मावशी, तुझ्या दाण्यांतून खिडकीखाली भांग उगवलीय, निम्मी नर आहे, कापू दे. मला रडूच फुटलं. पडल्या जागेवरून तेवढंच हिरवं दिसतं गं मला. बिचाऱ्यानं कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, राहू दे मावशी, फक्त यर्नेयाला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.”

यर्नेयानं पडदा सारला. पुरुषभर उंच भांगेखाली, भिंतीला टेकलेला कोयता गंजून लाल झाला होता.