वाक्यात उपयोग

ओमाहातल्या एका चर्चच्या तळघरात डोरीनबाई परदेशातून आलेल्या कामगारांना अमेरिकन बोली शिकवत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘बसखाली ढकलणे’.

“म्हणजे स्वतःची कातडी वाचवायला आपल्याच माणसाचा बळी देणं. चला, वाक्यात उपयोग करा.”

फिलोमेना उठली. शेजारी तिची धाकटी बहीण अम्पारो बसली होती. दोघी एकाच मांसाच्या कारखान्यात कामाला होत्या.

“यंत्राची संरक्षक जाळी अम्पारोने काढून ठेवली होती,” फिलोमेना अडखळत इंग्रजीत म्हणाली. “एकाची बोटं तुटली. मुकादमाने विचारल्यावर अम्पारोने माझं नाव सांगितलं. काल माझी नोकरी गेली. माझ्या बहिणीने मला बसखाली ढकललं.”

“सुरेख,” बाई म्हणाल्या. “फक्त बहिणीचं नाव घालू नकोस. ऐकणाऱ्याला खरं वाटेल.”

अम्पारोने पुस्तकातून मान वर केली नाही. आपल्या भाषेत ती पुटपुटली, “माझ्या पदरात तीन मुलं आहेत, ताई. तुला कोण आहे?”

फिलोमेना खाली बसली. मग तीही आपल्याच भाषेत म्हणाली, “तू होतीस.”