लपून राहिलेली बाई

नारायणगावात मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहते, त्या काकूंना कमी दिसतं. म्हणून दुपारी मी त्यांना रहस्यकादंबरी वाचून दाखवते. तिच्यातली बाई नाव बदलून परगावात लपून राहते.

"नवऱ्याचा खून केला असंल का गं तिनं?" काकूंनी विचारलं.

"पुढं कळंल."

"केला असला तरी बिचारीच. माझ्या दारात आली असती, तर लगेच खोली दिली असती मी. आडनाव तेवढं विचारलं असतं, तुला विचारलं व्हतं तसं."

तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. समोरून 'जय भीम' ऐकल्याशिवाय आई पुढं बोलतच नाही.

मी फोन कट केला.

"वाचू का पुढं, काकू?"