चावरी जात

शेजारचे भाऊ कर्णिक पोटरीला फडकं बांधून फाटकाबाहेर उभे होते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुलक्षणाला सुनावत होते.

"अल्सेशियन म्हणजे लांडग्याची अवलाद, बाई. पोलिसांनी पाळायची जात ती. अंधेरीत भल्या माणसांच्या वस्तीत आणलीत कशाला? मी आपला रस्त्यानं सरळ चाललो होतो. आता पोटात इंजेक्शनं कुणी घ्यायची? आजच्या आज गोळी घाला त्या कुत्र्याला."

सुलक्षणा आत गेली आणि एक वेताची परडी घेऊन आली.

"ही तुमची परडी, भाऊ. पहाटे आमच्या जास्वंदीखाली टाकून पळालात. फुलं मात्र मी ठेवून घेतली. या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा माझ्या देवांना माझ्या दारचं फूल मिळालं."