चोवीसपैकी चोवीस

"आणि सुटल्यावर कुणाचा राग आला, तर काय करशील?" बाईंनी शेवटचा, चोविसावा प्रश्न विचारला.

"आधी तिथून बाजूला होईन," कैदी म्हणाला. "मग विश्वासातल्या माणसाशी बोलेन. रागाला कारण असू शकतं बाई, मारहाणीला नसतं."

बाईंनी शेवटच्या चौकटीत पेन्सिलीने खूण केली आणि बेरीज मांडली. चोवीस. पुन्हा मांडली. तेवढीच.

सुटका समितीच्या टेबलाशी तिघं होते. मधे निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला तुरुंगाचे अधीक्षक, दुसऱ्या बाजूला गुन्हेगारीशास्त्राच्या प्राध्यापक बाई. प्रश्नावली बाईंचीच. नऊशे कैद्यांवर पारखून त्यांनी ती तयार केली होती, तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि तीस वर्षं विद्यापीठात तीच शिकवली होती. सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करील का, ते तिच्या आकड्यावर ठरे. अठराच्या खाली आला, की आणखी तीन वर्षं आत. समोरच्या माणसाने कारखान्यातल्या जोडीदाराला भांडणात मारलं होतं आणि त्याची बारा वर्षं भरली होती.

"पैकीच्या पैकी!" अधीक्षक खूश झाले. "आमच्या तुरुंगाचं नाव काढलंस की रे."

बाईंना मात्र खुर्चीत स्वस्थ बसवेना. त्या जरा पुढे सरकल्या, पुन्हा मागे टेकल्या. एकवीसच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं. शिवाय ते रागाचं वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग लख्खकन आठवलं. ऐकलं नव्हतं, लिहिलं होतं.

"माझं पुस्तक वाचलंयस?"

अधीक्षकांचा चहाचा कप ओठांशी पोचता पोचता थांबला.

"हो बाई," कैदी म्हणाला. "इथल्या वाचनालयात आहे. चार वेळा वाचलं. काही पानं तर पाठच झालीत."

"म्हणजे पेपर फुटला म्हणायचा," न्यायाधीश पुटपुटले.

"मग मघापासून सगळं खोटं बोलत होतास?" बाईंनी विचारलं.

"खोटं नाही. आहे तेच सांगितलं, फक्त तुमच्या शब्दांत. गेल्या वेळी माझ्या शब्दांत सांगितलं होतं. नऊ पडले."

बाईंनी फाइल उलटली. तीन वर्षांपूर्वीचा कागद, नऊचा आकडा, खाली टापटीप सही. सही त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यात हुशार मुलीची. कागदभर एकही चूक नव्हती.

"तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"बाई, अजून अकरा जण बाहेर बसलेत," न्यायाधीश म्हणाले.

"एकच प्रश्न विचारते." त्या कैद्याकडे वळल्या. "ज्याला मारलंस, त्याची आठवण येते?"

इतका वेळ ताठ बसलेला माणूस जरा सैल झाला. गुडघ्यावर तळहात घासत राहिला.

"येते. पण रोज नाही. रोज येते म्हटलं, तर ती थाप होईल. कधीकधी पंधरा-पंधरा दिवस तो डोक्यातही नसतो. मग एकदम ध्यानात येतं, अरे, आपण विसरलो होतो. तेव्हा माझीच मला भीती वाटते." तो थांबला. "आणि खरं सांगू? मला अजून त्याचा राग येतो. गेला बिचारा, तरी येतो. भांडण अर्धंच राहिलं ना आमचं."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या हाताने सवयीने काम उरकलं होतं. 'घटनेचा विसर' या चौकटीत खुणेशेजारी शून्य. 'मृताबद्दल राग' या चौकटीतही शून्य. या दोन्हींपैकी एकात जरी शून्य पडलं, तरी बेरीज कितीही असो, सुटका नाही, हा नियमही त्यांचाच. कैद्याच्या बोलण्याने विरघळायचं नाही, ऐकाल तसं मांडायचं, हे त्यांनी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवलं होतं. नऊशे माणसं. त्यांतल्या किती जणांनी असंच काही सांगितलं असेल? एकाचाही चेहरा आठवेना. आकडे मात्र आठवत होते.

"बाई, आकडा सांगा," न्यायाधीश म्हणाले. "त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही."

बाईंनी खोडरबर घेतला आणि दोन्ही शून्यं पुसली. इतकी घासून पुसली, की कागद तिथे पातळ झाला.

"चोवीस," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांनी सही केली. अधीक्षकांनी शिक्का उठवला. "चल, सुटलास," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी बाहेर."

कैदी उठला, तिघांनाही हात जोडून दाराशी गेला. शिपायाने दार उघडलं, तसा तो मागे वळला.

"बाई, एक विचारू? कुठली उत्तरं धरलीत? आधीची, की आत्ताची?"

'आत्ताची' म्हणणं फार सोपं होतं. शब्द बाईंच्या ओठांवर आलाही होता.

"आधीची," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. खिडकीतल्या कारकुनाने 'उद्या या' म्हटल्यावर माणूस हलवतो, तशी. आणि शिपायाच्या पुढे चालू लागला.