ओल्या छतावरची पावलं

सनीव्हेलमधल्या आमच्या जुन्या घराला पॉपकॉर्न सीलिंग होतं, म्हणजे छतभर नुसती पांढरी पुरळ. टेस्टमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं. खरवडलं तर विषारी धूळ उडणार, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने त्याच्याखाली नवे बोर्ड ठोकून प्लास्टर केलं आणि "सकाळपर्यंत ओलं राहील, टच करू नका," असं बजावून तो गेला.

संध्याकाळी माझा नवरा देवदत्त वर बघत म्हणाला, "यार, हे कोणी केलं?"

ओल्या छतावर अनवाणी पावलं उमटली होती. दारातून आत येऊन ती डायनिंग टेबलाच्या बरोबर वर थांबली होती.

"हे फिनिशिंग? मी आत्ताच्या आत्ता त्याला फोन करते!" माझं डोकं फिरलं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी मात्र हात जोडले. "अगं, लक्ष्मीची पावलं ती! देवदत्त, शिडी लाव, हळदकुंकू वाहा."

"आई, डाग पडतील!" मी म्हणाले.

आईपुढे आणि बायकोपुढे सारखाच शूर असलेला देवदत्त शिडीवर चढला. "आई," तो बारीक आवाजात म्हणाला, "पावलं कोमट लागतायत."

सासूबाईंनी आगत्याने वर बघितलं. "आलाच आहात तर बसा. जेवूनच जा."

आम्ही तिघं जेवायला बसलो. माझ्या वरणभातावर प्लास्टरचा एक थेंब पडला. मी वर बघितलं. त्या पावलांशेजारी ओलं प्लास्टर हळूहळू दबत होतं. गोल, ऐसपैस, कोणीतरी मांडी घालून बसावं तसं.

सासूबाई पुटपुटल्या, "अजून एक ताट घे गं."

देवदत्त निमूटपणे शिडी आणायला उठला.