पहिली पसंती

विद्यापीठाच्या अर्जात लेकीनं पहिल्या पसंतीला वैद्यकशाखा सोडून वनस्पतिशास्त्र लिहिलं, तेव्हा टेलरमास्तरांचा पारा चढला. एवढे मार्क मिळवून पालापाचोळा शिकायचा? त्यांनी तर तिच्या पांढऱ्या कोटाचं कापडसुद्धा बेतून ठेवलं होतं.

"बाबा, अर्ज द्यायच्या आधी एकदा तो विभाग बघायला चला. मग तुम्ही म्हणाल ते लिहिते."

मास्तर आले, पण वाटभर धुसफुसत. विभागाच्या मागच्या खोलीत भिंतभर लोखंडी कपाटं होती. लेकीनं एक खण ओढला. आत जाड कागदावर दोऱ्यानं टाचलेली वाळकी डहाळी होती. खाली लिहिलं होतं, 'फूल पिवळं होतं.'

मास्तर मात्र टाके बघत राहिले. शेवटी दोरा दोनदा फिरवून मागे घेतलेली गाठ! लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनीच ती बायकोला शिकवली होती. बायको इथे वाळके नमुने टाचणारी मदतनीस होती. ती गेल्यापासून नऊ वर्षांत मास्तरांनी या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. घरातले तिचे कपडेसुद्धा, बघवत नाहीत म्हणून, त्यांनी देऊन टाकले होते.

"ही सगळी कपाटं आईच्याच हातची आहेत, बाबा. अकरा हजार कागद."

मास्तरांनी टाक्यावरून अलगद बोट फिरवलं.

"किती वर्षांचा गं हा कोर्स?"

"तीन."

"तीन वर्षांत कसे व्हायचे एवढे कागद बघून?" मास्तरांनी पुढचा खण ओढला. "एमएस्सीची पुढची दोनही करून टाक."